ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन कोकणात फिरायला कुठे जावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळ राहणारं कुटुंब. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, मोजके शब्द बोलतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल ऐकला की कान झाकून किंचाळतो. कोरड्या वाळूवर पाय टेकवत नाही, पण पाणी दिसलं की धावत सुटतो. एका रविवारी गणपतीपुळ्याला नेलं तर अर्ध्या तासात परतावं लागलं, वर लोकांचे टोमणे. त्याची अकरा वर्षांची ताई म्हणते, आपण कुठेच जात नाही. आई विचारतात, आमच्या भागात अशा मुलांना नेण्यासारखी ठिकाणं कोणती?

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं आपल्याच किनाऱ्यावरच्या मुलांबरोबर काम करते. सरळ सांगायचं तर खास अशा मुलांसाठी म्हणून पाटी लावलेलं ठिकाण शोधायला निघालात तर आपल्याकडे हाताला फारसं काही लागणार नाही. पण सकाळी सात वाजता माणूस नसलेला किनारा, पोफळीची थंडगार वाडी, नजर जाईल तिथवर मोकळा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, हे आपल्या दाराशी आहे. गणपतीपुळ्याचा रविवार दुपारचा किनारा आणि तोच किनारा मंगळवारी सकाळी, या तुमच्या मुलाच्या कानांसाठी दोन वेगळ्या जागा आहेत. म्हणून मी आईबाबांना कुठे जायचं हे शेवटी ठरवायला सांगते. आधी कधी जायचं ते ठरवा, मग परत कसं निघायचं ते, आणि मग ठिकाण.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याला आवाज आणि हलका स्पर्श सहन होत नाही, आणि पाणी, हालचाल, अंगावर दाब हे तो स्वतःहून मागतो. एकाच मुलात या दोन्ही गोष्टी असणं नेहमीचं आहे. २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे निदानासाठी वापरलं जाणारं अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं पुस्तक, आलं तेव्हापासून इंद्रियांचं हे कमीजास्त संवेदन ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच धरलेलं आहे. घरात कोणी लाडावलाय म्हणत असेल तर हे सांगायला उपयोगी पडतं. कोरडी वाळू पायाखालून सरकते, बोटांत शिरते, टोचते. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, पायाला ठाम लागते, आणि कोरडीवर रडणारी कितीतरी मुलं तिच्यावर बिनतक्रार चालतात. बूट काढायचा आग्रह मात्र धरू नका. बूट घालून समुद्र पाहिला तर समुद्राचं काही बिघडत नाही.

म्हणजे तुम्हाला सकाळची ओहोटी हवी. आपल्याकडचे जुने लोक हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सांगतात: तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती. ओहोटी साधारण सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला. त्या दिवशी सातला किनाऱ्यावर पोचलात तर पाणी मागे जात असतं. वाळू रुंद होत जाते, लाट लांबून येते, तिचा आवाजही लांबून येतो. अष्टमीला याच्या उलट: सकाळी सहाला भरती, आणि दुपारी बाराला, ऐन उन्हात ओहोटी. म्हणून मी शुक्ल किंवा कृष्ण पक्षातली द्वितीया ते चतुर्थी सुचवते. मात्र संकष्टीला गणपतीपुळे नि हेदवीच्या वाटेला जाऊ नका, गणपतीच्या देवळांमुळे तिथे गर्दी असते. हे दिवस उधाणाच्या जवळचे असल्यामुळे पाण्याला ओढही जोरात असते, तेव्हा घोट्याच्या वर पाणी नको. गुणाकार अंदाजाचा आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहा, नाहीतर किनाऱ्यावरच्या कोणा कोळीदादांना विचारा.

वार मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शाळेचा अर्धा दिवस बुडाला तर बुडू द्या, शाळेला आधी कळवा म्हणजे झालं. नाताळ ते नवं वर्ष, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून द्या. जून ते ऑगस्ट समुद्राकडे नकोच.

चिपळूणहून तुमची पहिली फेरी मी गुहागरला करीन. किनारा लांबलचक आणि सरळ आहे, कडेने सुरूची झाडं आहेत आणि गावातली घरं मागेच. सावलीत चटई टाकून बसता येतं, समोर काय आहे ते एका नजरेत दिसतं, अचानक काही अंगावर येत नाही. बाजारपेठेच्या समोरचा भाग टाळून थोडं पुढे जा. चौपाटीचे स्टॉल, घोडागाडी, वाळूतल्या त्या भटभट करणाऱ्या मोटारी जिथे असतील तिथे तुम्ही नसावं एवढंच. रत्नागिरीकडे कधी आलात तर सुरूच्या बनामुळे भाट्येही सकाळी चांगलं. मांडवीची वाळू काळसर आहे, उन्हं चढली की पटकन तापते.

पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं. खरंच. तो खूश असतानाच निघायचं. "एवढ्या लांब आलोय, थांबू अजून" हे वाक्य मोठ्यांचं असतं, आणि बहुतेक सहली त्याच वाक्यावर बिघडतात. आठवडाभरानं पुन्हा तिथेच जा, त्याच झाडाखाली, तीच बादली घेऊन. मोठ्यांना दर वेळी नवं ठिकाण हवं असतं. या मुलांना ओळखीच्या जागेत मोकळं वाटतं आणि मग तीच एकेक पाऊल पुढे जातात. चौथ्या-पाचव्या फेरीला त्यानं स्वतःहून बूट काढला तर नवल वाटून घेऊ नका, आणि टाळ्याही वाजवू नका.

जाऊन करायचं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच असते. नुसतं बसून मजा बघणं या मुलांना जमत नाही. हाताला जड काम दिलं की बऱ्याच मुलांचं अंग शांत होतं. स्नायू आणि सांध्यांना मिळणारा दाब मुलाला स्थिर करतो असं आम्ही मानतो, आमच्या थेरपीचा बराच भाग यावरच उभा आहे. बादलीत ओली वाळू भरून पाच पावलं न्यायची, ओतायची, परत यायचं. दोघा भावंडांनी मिळून एक जड बादली उचलायची. फावड्यानं खड्डा खणायचा. थेरपी सेंटरमधल्या महागड्या साहित्यापेक्षा ही बादली कमी नाही.

आणि यासाठी समुद्रच हवा असंही नाही. नात्यात कोणाची वाडी असेल, नारळी-पोफळीची, तर तिथे जा. सावली, गारवा, पाटातलं वाहतं पाणी, आणि काम मुबलक: पडलेल्या झावळ्या ओढत नेऊन एका जागी रचणं, सोडणं टोपलीत भरणं, पाटाला बांध घालून पाणी दुसऱ्या आळ्यात वळवणं. झावळ ओढताना खांदे, पाठ, पाय सगळं लागतं. असं पंधरा मिनिटं केलेलं मूल नंतर पडवीतल्या झोपाळ्यावर निवांत बसतं. झोपाळा पुढे-मागे, एका लयीत. गोल गरगर फिरवू नका. नारळ पडतात त्या झाडांखाली थांबायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण विहिरीबद्दल सांगते, कारण आपल्याकडे अजून कठडा नसलेल्या विहिरी आहेत.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते. ऑटिझम असलेली बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात, त्यांना धोका कळत नाही, आणि हाक मारली तरी वळून बघत नाहीत. घराबाहेर निसटलेल्या अशा मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे सगळ्यांत मोठं कारण आहे. म्हणून सहलीत प्रत्येक क्षणी एकच मोठं माणूस त्याचं असलं पाहिजे, आणि बदली मोठ्यानं बोलून करायची: "आता तो तुझ्याकडे." "हो, माझ्याकडे." हे ऐकायला गंमतीचं वाटेल. पण घरातली पाच माणसं जवळ असताना मूल निसटतं ते प्रत्येकाला दुसरा कोणीतरी बघतोय असं वाटत असतं म्हणून. अंगात भडक केशरी किंवा पोपटी टी-शर्ट घाला, निळा नको, पाण्यात दिसत नाही. फोन नंबर हातातल्या पट्ट्यावर किंवा शर्टाच्या आत लिहा. कधी दिसेनासा झालाच तर आधी पाण्याकडे धावा, समुद्र, विहीर, तळं, टाकी जे जवळ असेल तिकडे; बाकी शोध नंतर. ११२ वर फोन दुसऱ्यानं लावायचा. आणि पोहायला शिकवायचा विचार असेल तर लवकर सुरुवात करा, ओळखीच्या आणि धीराच्या माणसाकडे.

याच कारणानं सड्यांबद्दल सांगताना जरा बिचकते. पाऊस ओसरताना, भाद्रपदाच्या सुमारास, जांभ्याचे सडे रंगीबेरंगी रानफुलांनी भरतात. आवाज फक्त वाऱ्याचा. मोकळं, सपाट, कोणी टक लावून बघणारं नाही. पळत सुटला तरी लांबवर दिसत राहतो. माझ्या मते कोकणातली ही सगळ्यांत शांत जागा. पण सड्यावर चिरेखाणी असतात आणि पावसात त्या काठोकाठ भरतात. वरून डबक्यासारखी दिसणारी खाण दोन पुरुष खोल असू शकते. तेव्हा जो सडा तुमच्या पायाखालचा आहे, जिथे खाण नाही हे तुम्हाला माहीत आहे, तिथेच जा. त्याला रेषा, आकार, अक्षरं आवडत असतील तर कातळशिल्पं दाखवा. उक्षीला सड्यावर कोरलेला भला मोठा हत्ती आहे, भोवती भिंत बांधून गावानं तो जपलाय. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कडेनं फिरून बोटानं हवेत रेषा काढायची. शिल्पावर पाय द्यायचा नाही, हा नियम चित्र दाखवून आधीच सांगा.

धोपावे-दाभोळ फेरीबोट अनेक मुलांना आवडते, आणि ती आवडण्याचं एक कारण आईबाबांच्या सोयीचं आहे: गाडी बोटीवर चढते, मूल गाडीतच बसू शकतं. काचा वर, ओळखीची सीट, ओळखीची गोधडी, आणि बाहेर खाडी सरकतेय. त्रास दोन क्षणांचा, बोटीचा फाळका खाली येताना होणारी खडखड आणि भोंगा. पहिल्या दिवशी बोटीत चढूच नका. धक्क्यापासून लांब उभं राहून दोन बोटी येताना-जाताना बघा, मोबाइलवर चित्रण करा, घरी आवाज बंद करून दाखवा, मग हळूहळू आवाज वाढवा. तुमच्या मुलाच्या बाबतीत धक्का म्हणजे पाणी, म्हणून हात सुटता कामा नये.

आगगाडीवेडा असेल तर तुम्ही नशीबवान, चिपळूण स्टेशन दाराशी आहे. पण चिपळूणला लाउडस्पीकर आणि गर्दी. त्यापेक्षा कामथे किंवा सावर्डा बघा. भिंतीला पाठ लावून बाकावर बसायचं, रुळांपासून लांब. न थांबता जाणारी गाडी येताना भोंगा वाजवते, तेव्हा आवाज कमी करणारे इअरमफ कानावर आधीच चढवलेले हवेत. कोकण रेल्वेवर १९९९ पासून रो-रो सेवा आहे, म्हणजे माल भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर बसून जातात. ते एकदा दिसलं की काही मुलांना आठवडाभर दुसरा विषय नसतो. गाडीत बसायचं तर पॅसेंजरनं एक-दोन स्टेशनं जायचं आणि परत. बोगदे आपल्या मार्गावर टळत नाहीत. अंधार आणि आवाज एकदम येतो. "आता काळोख, मग उजेड" असं चित्र हातात द्या. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तो उक्षी आणि भोके यांच्यामध्ये लागतो, म्हणून सुरुवातीला उक्षीच्या पुढे जाऊ नका.

रत्नागिरीत झाडगावला मत्स्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं. काचेमागे पोहणारे मासे बघताना ही मुलं हरवून जातात. शाळांच्या सहलींच्या दिवसांत मात्र आत गोंगाट घुमतो, म्हणून आधी फोन करून गर्दी कधी नसते ते विचारा.

सध्या काय नको तेही सांगते. हर्णैचा मासळीचा लिलाव: माझा आवडता, तुमच्या मुलाला वास आणि आरडाओरड्यानं नकोसा होईल. डॉल्फिन बघायच्या बोटी: इंजिनाची घरघर आणि मध्येच उतरता येत नाही. हेदवीची बामणघळ, समुद्रकाठच्या खडकातली अरुंद भेग, भरतीला तोफेसारखी धडाडते. वेळासचा कासव महोत्सव सुंदर आहे, पण तिथे वाट बघावी लागते आणि पिल्लं येतीलच असं नसतं. वाट बघणं जमायला लागलं की जा.

निघायच्या आदल्या दिवशी चार फोटो दाखवा, गाडी, समुद्र, बादली, घर. घराचा फोटो विसरू नका, परत येणार आहोत हे त्याला दिसायला हवं. खाणं रोजचंच न्या, त्याच डब्यात. सहल ही नवीन पदार्थ चाखवायची जागा नव्हे; भाताबरोबर तळलेल्या बांगड्याचा वास नको असेल तर बाकीच्यांनी लांब बसून जेवावं. शी-शूची सोय आधी पाहा. किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहांच्या वासानंच कित्येक मुलं बिथरतात, आणि लागलीय हे अशा मुलांना स्वतःलाही उशिरा कळतं. रात्री मुक्काम करणार असाल तर घरगुती निवासाच्या मालकांना तीन गोष्टी विचारा: फाटकाला कडी आहे का, विहीर कुठे आहे आणि झाकलेली आहे का, शेजारी गाणी लावतात का. कोकणातली माणसं विचारलं तर खरं सांगतात, न विचारता मात्र काही सांगायची नाहीत.

तरीही बिघडेल. कान झाकून खाली बसला, किंचाळू लागला, तर ते हट्टाचं रडणं नव्हे, त्याचा ताबा सुटलेला असतो. बोलणं कमी करा. "काय झालं, काय हवं" असे प्रश्न नकोत. एकानं त्याच्याजवळ बसावं, दुसऱ्यानं लोकांकडे तोंड करून मध्ये उभं राहावं. घट्ट मिठी त्याला घरी आवडत असेल तरच मारा. जमलेल्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "त्याला आवाजाचा त्रास होतो, जरा जागा द्या." जास्त खुलासा करायला तुम्ही बांधील नाही. माझा अनुभव असा की गावची माणसं हे ऐकून बाजूला होतात, शिवाय कोणीतरी लांबच्या ढोलवाल्याला थांबवूनही येतं. सल्ले देतात ते सहलीला आलेले लोक.

फिरण्याइतकाच अवघड विषय गावच्या सणांचा, आणि तो टाळता येत नाही. गणपतीत टाळ-झांजांची आरती पाऊण तास चालते; त्याला पहिल्या आरतीला आणायचं कारण नाही. दुर्वा निवडणं, फुलं ताटात ठेवणं हे काम द्या, आरती चालू असताना अंगणात बाबांबरोबर, प्रसादाला आत. शिमग्यात पालखी घरी येणार असेल तर आदल्या दिवशी मानकऱ्यांना जाऊन भेटा: ढोल खळ्यातच थांबू दे, ओटीवर पालखी तेवढी येऊ दे. गावकऱ्यांनी असं मानलेलं मी पाहिलंय. त्याआधी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या जागी, पालखी शांत बसलेली असते, तेव्हा दुपारच्या वेळी त्याला दर्शनाला न्या. फाका, म्हणजे शिमग्यातल्या आरोळ्या, आणि ढोल यांच्याशिवाय त्याला देव एकदा दिसू दे.

आता त्याच्या ताईबद्दल. तिची तक्रार रास्त आहे. दर वेळी चौघांनी एकत्रच जायचं हा नियम मोडा. महिन्यातून एकदा तिनं आणि बाबांनी डॉल्फिनच्या बोटीत बसावं, गर्दीच्या चौपाटीवर भेळ खावी, उशिरा घरी यावं. एकत्र जाल तेव्हा तिला भावाची राखणदार करू नका. बादली दोघांनी उचलायची ती खेळ म्हणून, जबाबदारी मोठ्यांचीच.

कागदपत्रांचं एक काम राहिलं असेल तर उरकून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, एसटीच्या भाड्यात सवलतीसाठी ते लागतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याचीही चौकशी करा. २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनात दिव्यांगांना बरोबरीनं सहभागी होता यावं याबद्दल आहे, आणि त्याचा उपयोग फार कमी पालक करतात. तुमच्या थेरपी सेंटरमध्ये भेटणारी चार-पाच कुटुंबं एकत्र या. नगरपरिषदेची बाग, वाचनालय, संग्रहालय, पोहण्याचा तलाव, जे जवळ असेल तिथे एका पानाचा अर्ज द्या: आठवड्यातून एक तास, उघडायच्या आधीचा, स्पीकर बंद, दिवे निम्मे. सगळ्यांच्या सह्या करा, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. पहिल्यांदा नाही म्हणतील. तेव्हा दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा एवढंच मागा आणि कोणा एका पालकानं दार उघडायला येणाऱ्या शिपाईदादांशी ओळख करून ठेवावी.